मदत हवी आहे: सांगलीच्या पावसात लेदरचा सोफा टिकतो का?

नमस्कार मंडळी. 2019 आणि 2021 चा पूर पाहून आम्ही सांगलीतच दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. हॉलसाठी लेदर सोफा घ्यायचा आहे, पण मन धजत नाही.

आधीचा सोफाही 'लेदर' म्हणूनच घेतला होता. तिसऱ्या वर्षी पोपडे निघायला लागले. नंतर कळलं, ते कातडं नव्हतंच. कापडावर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर होता आणि असा थर दमट हवेत सुटतो. बॉन्डेड लेदर म्हणजे तर कातड्याचा भुगा चिकटवून वर तसाच थर. फार वाईट वाटलं, कारण सासऱ्यांनी हौसेने पैसे दिले होते.

या वेळी टॉप ग्रेनच घेऊ, म्हणजे कातड्याच्या वरच्या थराचं अस्सल लेदर. त्यातही रंगाचा थर दिलेलं, म्हणजे सांडलेला चहा पटकन पुसता येईल. अ‍ॅनिलाइन, म्हणजे असा वरचा थर नसलेलं लेदर, दिसायला सुंदर, पण डोक्याचं तेल शोषून घेतं, आणि सासरे रोज डोकं टेकूनच पेपर वाचतात.

खरी काळजी बुरशीची. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या कमरेच्या लेदर पट्ट्यांवरसुद्धा पांढरी येते. कुणाच्या घरी अस्सल लेदर सोफ्याने तीन-चार पावसाळे काढलेत का? काय लावता, कितीदा पुसता?

आणि सासूबाईंचा जुना सागवानी सोफा आहे, सांगाडा अजून भक्कम. त्यावर अस्सल कातडं चढवून देणारा चांगला कारागीर सांगली-मिरजेत मिळेल का? मला मनातून तेच जास्त पटतंय.