कॉलेज बास्केटबॉल : २०२५-२६ चा सीझन सुरू व्हायच्या आधीचे दिवस (अनुभव धागा)

वाबाशकाठची :
क्रमवारी आली आज! सीझनच्या आधीच आमची पर्ड्यू (इंडियाना राज्यातली युनिव्हर्सिटी) एक नंबर, हे आजवर कधीच झालं नव्हतं. आनंद व्हायच्या आधी मार्चमधल्या एनसीएए स्पर्धेतली (कॉलेजांची देशपातळीवरची स्पर्धा, हरलं की बाहेर) ती इंडियानापोलिसची रात्रच समोर आली. ह्यूस्टनशी ६०-६० बरोबरी, दोन-तीन सेकंद उरलेले. त्यांच्या उझानने बाहेरून बॉल आत टाकला, तो फिरून त्याच्याच हातात आला आणि बास्केट. ६२-६०. आमच्या रांगेतलं कुणी जागचं उठेचना. शेजारचे आजोबा काढलेल्या टोपीची कड दुमडत बसले होते, दुमडायची, सोडायची, परत दुमडायची.

आमचे स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन तिघंही पर्ड्यूतच थांबलेत. ट्रान्सफर पोर्टलच्या (म्हणजे खेळाडू सहज कॉलेज बदलतात त्या) दिवसांत हे किती दुर्मीळ आहे सांगायला नको. तिघंही इंडियानाचीच पोरं. स्मिथ आणि लॉयर पहिल्या वर्षाला होते तेव्हा पहिलं मानांकन असून सोळाव्या, म्हणजे शेवटच्या मानांकित एफडीयू कॉलेजकडून हरले, दुसऱ्या वर्षी थेट फायनल, तिसऱ्या वर्षी हे ह्यूस्टन. आता शेवटचं वर्ष. पर्ड्यूच्या पुरुषांनी एनसीएएचं विजेतेपद एकदाही घेतलेलं नाही आणि यंदाची फायनल फोर (शेवटच्या चार टीमच्या मॅच) इंडियानापोलिसला, आमच्यापासून तासाभरावर. जीव नुसता टांगणीला लागलाय. तुमची टीम कुठली? हे दिवस कसे काढता? लिहा.

बाल्टिमोरकर :
पुरुषांत सोळाव्या मानांकिताने पहिल्याला हरवायची सुरुवात आमच्या यूएमबीसी कॉलेजने केली. १६ मार्च २०१८, समोर व्हर्जिनिया. हाफटाइमला २१-२१ आणि शेवटी ७४-५४! तोवर आमच्या कॉलेजचं नाव लोक बुद्धिबळासाठी घ्यायचे. एमएसला होतो, असाइनमेंट अर्धी टाकून सगळे एका लॅपटॉपभोवती.
आमच्या लीगमधून मार्चच्या स्पर्धेत साधारण एकच टीम जाते, त्यामुळे चार महिन्यांचा खेळ शेवटच्या दोन-तीन मॅचवर ठरतो. तरी ऑक्टोबर आला की वेळापत्रक उघडतोच. यंदाही उघडलं.

शेंगोळे :
पर्ड्यूचं अभिनंदन, पण याच राज्यात विजेतेपदाचे पाच बॅनर कुठे लटकतायत तेही सांगा की ताई :) १९७६ ची आमची इंडियाना युनिव्हर्सिटी ३२-०. त्यानंतर पुरुषांत अख्खा सीझन न हरता विजेतेपद कुणालाही जमलेलं नाही.
यंदा कोच नवा, डेव्ह्रीस, आणि टीमही जवळजवळ सगळी नवी. स्वयंपाक करताना नावं पाठ करतेय. भाजी लागली की नवरा हाक मारतो.

वाबाशकाठची :
@शेंगोळे बॅनरला नमस्कार. मॅच बघायला मॅकीला (पर्ड्यूच्या स्टेडियमला) या, चहा-पोहे माझ्याकडे. रंग मात्र काळा-सोनेरीच घालावा लागेल.

मक्याच्या_देशात :
मुलींच्या बास्केटबॉलचं कुणीच लिहिलं नाही अजून? ऑक्टोबर २०२३, आयोवा सिटी. फुटबॉलच्या किनिक स्टेडियमवर उघड्यावर कोर्ट टाकलं होतं, डीपॉलशी सराव सामना, आणि ५५,६४६ माणसं! सराव सामन्याला! सासूबाई तेव्हा पुण्याहून आलेल्या. शाल गुंडाळून बसल्या आणि आयोवाच्या केटलिन क्लार्कने लांबून टाकला की "अगं बाई, गेला की आत" म्हणून माझा दंड धरायच्या. पुढच्या रांगेत सगळ्या छोट्या मुली, प्रत्येकीच्या पाठीवर २२ नंबर. माझी तेव्हा सात वर्षांची होती, त्या दिवसापासून दारातल्या बास्केटखालून हलत नाही.
क्लार्क कॉलेज संपवून गेली तरी आमच्याकडे वाट बघणं कमी झालेलं नाही. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

लॉरेन्सवासी :
ज्यांनी हा खेळ काढला तेच कॅन्ससचे पहिले कोच. नेस्मिथ. १८९१ ला स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगल्या, १८९८ ला इकडे आले. आणि आमच्या आजवरच्या कोचमध्ये जिंकल्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त असलेले तेवढे एकटेच! ॲलन फील्डहाउसमध्ये, म्हणजे आमच्या स्टेडियममध्ये, सगळे मिळून सावकाश "रॉक चॉक" ही कॅन्ससची घोषणा म्हणायला लागतात ना, तो आवाज लाकडी बाकातून पायात येतो. त्याच्यासाठी मी नोव्हेंबरची वाट बघतो, निकाल नंतर.

ठाण्याची_आई :
मला खेळातलं काही कळत नाही, पण लेक ऑगस्टमध्ये पर्ड्यूला गेली म्हणून वाचतेय. ती म्हणते मॅचच्या आधी किती वेळ बाहेर रांगेत उभं राहायचं. थंडीत?? तिच्याकडे इथून नेलेलं जाकीट आहे, ते पुरेल का?

वाबाशकाठची :
@ठाण्याची_आई नोव्हेंबरपुरतं चालेल, जानेवारीत अजिबात नाही. गुडघ्यापर्यंतचं घ्यायला सांगा, आणि हातमोजे जाड. पेंट क्रूमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जागेत, पुढची रांग हवी तर लवकर जावंच लागतं. पण काळजी नको, सगळी पोरं घोळक्याने असतात. दिवाळीला एकटी असेल तर आमच्याकडे पाठवा, चकल्या करतेय.

ठाण्याची_आई :
किती बरं वाटलं वाचून. पाठवते नक्की. संध्याकाळी सातची मॅच म्हणजे आपल्याकडे किती वाजता?

बाल्टिमोरकर :
@ठाण्याची_आई घड्याळं नोव्हेंबरात मागे गेली की पहाटे साडेपाच.

ठाण्याची_आई :
मग जमेल, मी पाचला उठतेच. स्मिथ कुठल्या नंबरचा तेवढं सांगून ठेवा.

वाबाशकाठची :
तीन!