उशिरा फुटणारं अंडं: पिल्लाला बाहेर काढावं की थांबावं?

(कोंबड्या पाळणाऱ्यांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

परसदार

उबवणीच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यांचा एकविसावा दिवस उलटलाय, बाकीची पिल्लं ब्रूडरमध्ये (पिल्लं उबेत ठेवायच्या खोक्यात) गेली आणि एका अंड्याला टोच (पिल्लाने आतून चोचीने पाडलेलं पहिलं भोक) पडूनही पुढे काही हलत नाही. अशा वेळी ‘हात लावू नका, जगायचं ते जगेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो पहिल्या दिवसापुरता बरोबर, पुढे चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

पहिली टोच पडल्यापासून कवच गोलाकार कापायला सुरुवात होईपर्यंत कोंबडीच्या पिल्लाला १२ ते २४ तास लागतातच. वरून ते निपचित वाटतं, पण आत दोन मोठी कामं चालू असतात. कवचाच्या आतल्या पडद्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात परततं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातो. ही कामं संपायच्या आत कवच सोललं तर पिल्लू रक्तस्रावाने जातं. पण २४ तास होऊन गेले, पिल्लू ओरडतंय, टोचेची जागा तेवढीच आहे आणि कडेचा पडदा पिवळट-तपकिरी, कागदासारखा ताठ झालाय, तर ते आत चिकटलंय. त्याला फिरताच येत नाही. तिथे वाट बघणं म्हणजे त्याला मरू देणं. (बदकाला हा हिशेब लावू नका, ते याहून सावकाश फुटतं.)

गावरान पैदास

असहमत. पैदाशीचा कळप राखायचा असेल तर स्वतःहून फुटलेलं पिल्लूच ठेवावं. मदतीने निघालेल्यांत पाय फाकलेली, बेंबी उघडी राहिलेली, चालताना कलंडणारी पिल्लं जास्त दिसतात. चार दिवस ती कुढत जगतात आणि मग जातात.

दुसरं म्हणजे एका अंड्यासाठी पेटीचं झाकण उघडलं की ७० टक्क्यांवरची आर्द्रता क्षणात कोसळते. त्या वेळी शेजारच्या ज्या अंड्यांना टोच पडलेली असते, त्यांचे पडदे सुकतात. एक वाचवायला जाऊन तीन अडकवायची, हा कुठला हिशेब?

तापमापक

झाकणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण कमजोर पिल्लूच अडकतं हे पटत नाही. पेटीतल्या उबवणीत उशीर बहुतेक वेळा आपण केलेला असतो. पंख्याच्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश लागतात. अर्धा अंश सतत कमी राहिला तर बावीस-तेवीस दिवस सहज होतात. बल्बवाल्या थर्माकोलच्या पेटीत पंखा नसेल तर वर-खाली तापमानात मोठा फरक पडतो, म्हणून तापमापकाचं टोक अंड्यांच्या वरच्या पातळीला हवं. आठवड्याहून जास्त साठवलेली अंडीही मागे पडतात. आणि भारनियमनात पेटी थंड पडली तर त्यात पिल्लाचा काय दोष?

पिल्लू कशामुळे अडकलं ते आधी ओळखा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटायला हवं, म्हणजे ५५ ग्रॅमचं अंडं ४८-४९ ग्रॅमवर यावं. घट फार कमी असेल तर अंड्याच्या बोथट टोकाकडची हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू फुगीर, चिकट द्रवात लडबडलेलं असतं. कोकणात पावसाळ्यात पेटीत पाणी भरत राहिलात तर हेच होणार. विदर्भात उन्हाळ्यात नेमकं उलट, पडदा सुकून आवळला जातो. दोन्हीकडे एकाच मापाने पाणी ओतून चालत नाही.

चिमटा आणि कापूस

मदत करायचीच असेल तर नीट करा. हात साबणाने धुवा, खोलीतला पंखा बंद करा. अंडं कोमट ओल्या फडक्यात धरा, फक्त टोचेची जागा उघडी ठेवा. टोचेपासून सुरू करून बोथट टोकाच्या बाजूने, हवेच्या पोकळीवरचं कवच चिमट्याने तांदळाच्या दाण्याएवढं एकेक टवका काढा. बाहेरचा पांढरा पडदा कवचाबरोबर निघतो. आतला कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने ओलसर करा. ओला झाला की तो पारदर्शक होतो आणि शिरा दिसतात.

लाल शिरा भरलेल्या दिसल्या तर तिथेच थांबा. रक्ताचा थेंब आला तर कापसाने हलकेच दाबा, अंडं परत पेटीत ठेवा आणि तीन-चार तास विसरून जा. पिल्लू सारखी चोच उघडझाप करत असेल तर बलक अजून ओढला जातोय असं समजा. तेव्हाही हात नको.

शिरा दिसत नसतील तर कवचाची टोपी पूर्ण गोल मोकळी करा, डोकं पंखाखालून सोडवा आणि बस. खालचा अर्धा भाग पिल्लाला स्वतः ढकलून निघू द्या. ओढून काढायचं नाही, बेंबीला अजून काही चिकटलेलं असू शकतं.

पाण्याऐवजी खोबरेल वापरायला हरकत नाही. ते लवकर सुकत नाही, पण थेंबसुद्धा नाकपुडीत जाता कामा नये.

गावरान पैदास

आणि टोचच पडलेली नसेल तर? काही जण बाविसाव्या दिवशी पोकळीवर सुईने भोक पाडायला सांगतात. माझा त्याला सक्त विरोध आहे. चोच पोकळीत शिरल्यावर तिथला प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्याच धक्क्याने मानेचा स्नायू आखडून कवच फुटतं. भोक पाडून तुम्ही तो धक्काच काढून घेता, वर पडदा सुकवता.

तापमापक

आधी अंधारात टॉर्चवर धरून बघा. पोकळीत चोचीची सावली हलत असेल तर तेव्हापासून २४ तास थांबा. त्यानंतरही टोच नसेल तर पोकळीच्या अगदी माथ्यावर एक बारीक भोक मी योग्य मानतो, कारण तोवर तो धक्का लागून गेलेला असतो. सावलीच नसेल, हालचालही नसेल, तर अंडं फोडायची घाई नको. टोच निमुळत्या टोकाला पडली असेल तर मात्र लक्ष ठेवा. पिल्लू उलटं आहे, तिथे श्वासाला पोकळी नाही. अशांना मदत लागण्याची शक्यता जास्त.

कोकणातली खुडूक

सगळी चर्चा पेटीची झाली. कोंबडीखाली अंडी असतील तर नियम वेगळा. पहिली पिल्लं निघाली की दीड-दोन दिवसांत ती त्यांना घेऊन उठते, मागे राहिलेली अंडी गार पडतात. तेव्हा सोलत बसण्यापेक्षा टोच पडलेलं अंडं दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली किंवा उबदार पेटीत हलवा. ही मदत कुणी नाकारू नये.

परसदार

पैदाशीबद्दल गावरान पैदास यांचं अर्धं म्हणणं मानतो. मदतीने निघालेल्या पिल्लाच्या पायात रंगीत कडं घाला आणि त्याची अंडी पुढे उबवू नका. पण एकाच खेपेत बरीच पिल्लं अडकली, बोटं आत वळलेली निघाली, तर रायबोफ्लेविनसाठी (ब-२ जीवनसत्त्वासाठी) मादीच्या खाद्याकडे बघा, पिल्लांना नालायक ठरवू नका. बाहेर आल्यावर बेंबीला पोव्हिडोन आयोडीन लावा, पोटात बलक आहे म्हणून दोन दिवस खाण्याची घाई नको, आणि पाय फाकत असतील तर खाली वर्तमानपत्र न घालता खरखरीत गोणपाट घाला.

गावरान पैदास

कडं घालायला तयार आहे. पण टोच पडल्यापासून ३६ तासांच्या आत झाकण उघडणार नाही. शेजारच्या अंड्यांना टोचा पडलेल्या असतील तर ३६ नंतरही नाही.