मदत हवी आहे: वेणीचा पाव ओव्हनमध्ये उसवतो

वेणीसारखा गुंफलेला पाव तीनदा करून पाहिला. चव उत्तम, रूप मात्र दरवेळी बिघडतं. ओव्हनमध्ये ठेवेपर्यंत वेणी सुबक दिसते, पण भाजताना पेड एकमेकांपासून सुटतात आणि कडेला पांढऱ्या भेगा पडतात. वरचा भाग छान तपकिरी आणि बाजूला टाके उसवल्यासारखं!

माझं प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, अंडी २, तेल ६० मिली, कोमट पाणी साधारण १६० मिली. बारा मिनिटं मळते. पहिल्यांदा दुप्पट फुगू देते, मग वेणी घालून अर्धा तास ठेवते. १८० अंशावर ३० मिनिटं भाजते.

मला शंका दुसऱ्या फुगवण्याची आहे. अर्धा तास कमी पडतो का? बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून येतो, म्हणजे कमीच असावा. पण मागच्या वेळी तासभर ठेवलं तर वेणी पसरून सपाट झाली. की मी पेड फार घट्ट ओढते? लाटताना ते रबरासारखे मागे येतात, मग मीही हट्टाने ताणते.

अंड्याचा हात एकदाच, भाजण्याआधी लावते. दोनदा लावल्याने सांध्यांतले पांढरे पट्टे झाकतील का?

चार पेडी वेणी जमते, सहा पेडीत हात गोंधळतात. कोणाला सोपी युक्ती माहीत असेल तर तीही सांगा. रविवारी पुन्हा करणार आहे.