जेट-स्कीच्या हलमधील (बाहेरच्या फायबरच्या कवचातील) भिजलेला फोम काढून नवीन भरण्याबाबत

देवबागची खाडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

कर्ली नदी समुद्राला मिळते त्या देवबागच्या टोकाला आमचा जलक्रीडेचा लहानसा व्यवसाय आहे. गेल्या हंगामात घेतलेली एक जुनी, तीन आसनी, चार स्ट्रोक इंजिनाची जेट-स्की मागच्या बाजूने पाण्यात जास्त बसते. मागे दोन माणसे बसली की इंजिन पूर्ण जोराने फिरत असूनही ती पाण्यावर उठायला फार वेळ घेते. इम्पेलर (पाणी मागे फेकणारा पंखा) आणि वेअर रिंग (त्याभोवतीचे कडे) दोन्ही तपासले, त्यांत दोष नाही. पावसाळ्यासाठी शाकारून ठेवण्यापूर्वी तिला ट्रेलरसह वजनकाट्यावर नेले आणि नंतर रिकामा ट्रेलर मोजला, तेव्हा पुस्तिकेतील कोरड्या वजनापेक्षा सुमारे ९५ किलो जास्त भरले. हलमध्ये पाणी साचलेले नव्हते. इंजिनाच्या डाव्या बाजूच्या फोममध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसून बाहेर काढला, तर भोकातून चहाच्या रंगाचे पाणी ओघळले आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता.

एका कारागिराने तळ बाहेरून कापून फोम काढण्याचे सुचवले आहे. दुसरा म्हणतो की थर्माकोलचे तुकडे भरा, काम स्वस्तात होईल. सगळा फोम काढावाच लागेल का, नवीन काय भरावे, आणि काहीच न भरता जागा पोकळ ठेवली तर काय बिघडेल, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

फायबरकाम रत्नागिरी

नमस्कार. मी मासेमारी नौकांचे फायबरचे काम करतो. जेट-स्कीचे फोम आतापर्यंत मोजकेच बदलले आहेत, पण साहित्य आणि त्याचे स्वभाव तेच आहेत.

आधी आपल्या ९५ किलोंचा हिशेब करू. टाकी भरलेली होती का? ६० लिटर पेट्रोलचे वजनच ४५ किलोंच्या आसपास जाते आणि कोरड्या वजनात ते धरलेले नसते. इंजिनातले तेल वेगळे. शिवाय मालमोटारींच्या काट्यावर पाच-दहा किलोंचा फरक सहज पडतो. म्हणून वजनावर पूर्ण विसंबू नका. फोमच्या खालच्या थरातून प्रत्येक बाजूला १० सेंटिमीटरचा, म्हणजे बरोबर एक लिटरचा चौकोनी तुकडा कापा आणि तो किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. नौकेत वापरला जाणारा कोरडा पॉलियुरेथेन फोम लिटरला साधारण ३२ ते ४० ग्रॅम भरतो. आपला तुकडा काही शे ग्रॅम भरला, तर तेवढे पाणी आपण रोज पर्यटकांबरोबर फिरवत आहात.

हा फोम बंद पेशींचा असतो, म्हणजे नवा असताना तो पाणी पीत नाही. पण वर्षानुवर्षांच्या आपटण्याने आणि हादऱ्यांनी पेशींच्या भिंती फुटत जातात, आणि तळाशी दोन बोटे पाणी कायम राहिले की ते कापलेल्या कडांतून आत शिरते. एकदा शिरलेले पाणी उन्हात ठेवून निघत नाही. वरची साय वाळते आणि आतला गाभा तसाच राहतो, त्यामुळे वाळवून चालवण्याचा विचार सोडून द्यावा. वरचा कोरडा भाग मात्र काढण्याची गरज नाही. सुरीला पाणी लागायचे थांबले की तेथे थांबावे.

तळ बाहेरून कापू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ज्या तळावर ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने पाणी आपटते, तो कापून पुन्हा जोडणे हे फोमपेक्षा कितीतरी मोठे आणि जोखमीचे काम आहे. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी बाहेर काढा, वाफ जाण्यासाठी एक दिवस हल उघडा ठेवा आणि त्यानंतरच विजेचे हत्यार आत न्या. इंजिनही उतरवले तर हात पोहोचतो; न उतरवता केलेल्या कामात मागचा सर्वांत ओला कोपरा नेमका राहून जातो. पाव कापायची लांब दातेरी सुरी, पातळ पट्टीची खरवडणी आणि पाणी ओढणारा व्हॅक्यूम एवढ्यावर बहुतेक काम होते. स्टिअरिंगची केबल आणि पाण्याच्या नळ्या कधी कधी फोममध्येच गाडलेल्या असतात, तेव्हा सुरी आंधळेपणाने चालवू नका.

फोम निघाल्यावर लगेच नवा भरण्याची घाई होते आणि तेथेच काम बिघडते. आतला भाग गोड्या पाण्याने दोनदा धुवा, कारण मिठाचा थर राहिला तर तो हवेतला ओलावा ओढत राहतो. मग पंखा आणि हॅलोजनचा दिवा लावून आठवडाभर वाळवा. कोकणातल्या जुलैत दोन आठवडे धरा. रात्री पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने आतल्या फायबरवर चारही बाजूंनी बंद करून लावा. सकाळी आतून दव धरलेले दिसले तर अजून थांबा. आणि पाणी कोठून आले हे सापडेपर्यंत नवा फोम भरू नका. ट्रेलरवरच हलमध्ये स्टार्टर मोटरच्या पातळीखाली राहील इतके पाणी ओतून बाहेरून कोठे ठिबकते ते पाहा. शाफ्टचे (इंजिनापासून इम्पेलरपर्यंतच्या दांड्याचे) सील, राइड प्लेटचे (तळाला मागे बसवलेल्या पट्टीचे) बोल्ट आणि मागच्या भिंतीतील प्रत्येक भोक तपासा.

थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो आणि फायबरच्या रेझिनमध्येही विरघळतो, त्यामुळे तो विषय येथेच संपतो. डब्यातून फवारायचा घरगुती फोमही नको. तो हवेतल्या ओलाव्यावर पिकतो, बंद कप्प्यात आत कच्चा राहतो आणि पुढे पाणी धरतो. आमच्याकडे मासळी साठवण्याच्या कप्प्यांत जो पफ भरतात, तोच पॉलिओल आणि आयसोसायनेट असा दोन द्रव्यांचा फोम घ्या. कोणाचे प्रमाण मापाने असते, कोणाचे वजनाने, म्हणून पुरवठादाराने दिलेलेच प्रमाण पाळा. ८० लिटर जागेला साधारण तीन ते साडेतीन किलो द्रव पुरतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. सगळे एकदम ओतू नका. फुगताना तो तापतो, जाड थर आतून करपतो आणि वाट न मिळाल्यास हलला फुगवटा आणतो. अर्धा लिटरच्या आसपास मिश्रण वीस-पंचवीस सेकंद जोरात ढवळून ओता, फुगून थंड होऊ द्या, मग पुढचा थर. ओल्या पृष्ठभागावर ओतलात तर आयसोसायनेट पाण्याशीच अभिक्रिया करून वायू सोडतो आणि पोकळ, ठिसूळ फोम तयार होतो. मास्क साधा कापडी नव्हे, रासायनिक वाफेच्या काडतुसांचा हवा.

पोकळ ठेवण्याबद्दल: एक लिटर कोरडा फोम पाण्यात जवळजवळ एक किलोचा भार तोलून धरतो. हल फुटून आत पाणी भरले, तर इंजिनासह ती जेट-स्की आणि तिला धरून राहिलेले पर्यटक वर राहतात ते याच जोरावर.

चापोरा किनारा

वरील बहुतेक सर्व मान्य आहे, मात्र ओतायच्या फोमबद्दल माझे मत वेगळे आहे. व्यावसायिक वापराची जेट-स्की दिवसभर आपटतच असते. पाच-सात वर्षांनी हेच काम पुन्हा निघेल आणि तेव्हा चिकटलेला फोम पुन्हा खरवडावा लागेल. मी आमच्या दोन जेट-स्कींत पॅकिंगला वापरतात तसले बंद पेशींचे पॉलिएथिलीनचे ठोकळे कापून, पट्ट्यांनी आवळून बसवले आहेत. दर पावसाळ्यात ते बाहेर काढतो, तळ धुतो, पुन्हा बसवतो. कोपरे पूर्ण भरत नाहीत आणि लाटांवर आवाज थोडा जास्त येतो, हे मान्य करतो.

फायबरकाम रत्नागिरी

ठोकळ्यांची पद्धत वाईट नाही, पण काही हलमध्ये फोम तळाला ताठरपणाही देतो. पातळ तळाची जुनी जेट-स्की असेल तर मी ओतलेलाच फोम घेईन. आणि ठोकळे सुटून शाफ्टवर जाणार नाहीत इतके घट्ट बांधलेले हवेत.

देवबागची खाडी

सात आठवड्यांनी लिहितो आहे, क्षमस्व. टाकी खरोखरच भरलेली होती. एक लिटरचा तुकडा वाण्याच्या काट्यावर ६४० ग्रॅम भरला. वाण्याने तो दाबून पाहिला आणि त्याच्या गल्ल्यावर पाण्याची धार गेली. एकूण पाच गोण्या फोम निघाला, भंगाराच्या काट्यावर ४८ किलो. गळती सापडली ती अपेक्षेबाहेर: आधीच्या मालकाने पाण्यातून वर चढण्यासाठी मागे पायरी बसवली होती आणि तिचे दोन स्क्रू सीलंटशिवाय थेट आरपार मारले होते. ती भोके रुंद करून आतून मॅट (काचतंतूंची चादर) आणि रेझिनने बुजवली, आणि पायरी आता सीलंट लावून बोल्टने बसवली आहे.

आपल्या दोघांचेही ऐकून इंजिनाच्या दोन्ही बाजूंना ओतलेला फोम आणि टाकीखाली काढता येणारे ठोकळे, असे केले. केबल आधीच पीव्हीसी नळीतून घेतली आणि ड्रेन प्लगपर्यंत पाणी वाहण्याची वाट मोकळी ठेवली. पहिली खेप मात्र चुकली: उकाड्यात मिश्रण मी ढवळत असतानाच बादलीत फुगले आणि बादलीसह टाकावे लागले. पुढच्या खेपा भल्या सकाळी केल्या. आता कापलेल्या फोमचा वरचा उघडा भाग तसाच ठेवावा की त्यावर फायबर मारावे?

फायबरकाम रत्नागिरी

मारावे, पाणी आत शिरते ते त्या कापलेल्या कडांतूनच. पॉलिएस्टर रेझिन या फोमला खात नाही, तेव्हा मॅटचा एक थर पुरे, वर टॉपकोट (संरक्षक लेप). कडा हलच्या भिंतीवर चार बोटे चढवा आणि त्यापूर्वी तेवढी भिंत सँडपेपरने घासून ॲसिटोनने पुसून घ्या. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारे द्रव्य) पूर्ण ढवळून घ्या आणि मगच हार्डनर टाका. ही दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. थर वाळल्यावर नाण्याने ठोकत जा, जेथे आवाज बसका येईल तेथे हवा राहिली आहे, तेवढा भाग कापून पुन्हा करा.