मदत हवी आहे: सोमवारपासून मुलांचं उन्हाळी शिबिर, पुस्तकं आणि उपक्रम सुचवा (तातडीचं!)

सावली_२३ (गुरुवार, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात सोमवारपासून मुलांसाठी दहा दिवसांचं शिबिर आहे. बालविभाग याच महिन्यात माझ्या गळ्यात पडलाय. कार्यकारिणीने "रोज काहीतरी उपक्रम घ्या आणि चांगली पुस्तकं वाचायला द्या" एवढंच सांगितलं आणि पत्रकं वाटून मोकळे झाले. कोणाकडे चांगल्या पुस्तकांची यादी तयार असेल तर प्लीज टाका. गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

झाडावरचा_मुंजा
श्यामची आई. विषय संपला.

चष्मिष्ट
मुलं किती वर्षांची आहेत? सहा की तेरा? त्याशिवाय यादी कशी देणार?

ठाणेकर_जुना
फास्टर फेणे द्या डोळे झाकून. मी चौथीत असताना भा. रा. भागवतांची (फेणेचे लेखक) सगळी पुस्तकं आमच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून वाचली होती. १८९३ची संस्था आहे आमची, मुंबईवाल्यांच्या आधीची. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेही चालेल.

चष्मिष्ट
ठाणेकर, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं आहे, पण विषय तो नाहीये. आणि मुंजा, दुसरीतल्या पोराच्या हातात श्यामची आई दिलीत तर तो दुसऱ्या पानावर पेंगेल. मोठ्याने वाचून दाखवायची असेल तर गोष्ट वेगळी.

झाडावरचा_मुंजा
आम्ही दुसरीत रडलो होतो ते काय पेंगता पेंगता? पुस्तक शोधायलाही नको. साने गुरुजी १९५० साली गेले, साठ वर्षं उलटली की आपल्याकडे कॉपीराइट संपतो. कितीही प्रती काढा.

चष्मिष्ट
रडवणं हा शिबिराचा हेतू आहे असं धाग्यात कुठे दिसलं नाही.

निवृत्त_ग्रंथपाल
सावलीताई, यादी नंतर. आधी हे सांगा: वाचनालय शासनाच्या अ, ब, क, ड पैकी कोणत्या वर्गाचं? बालविभागात पुस्तकं किती? मुलं किती, मराठी माध्यमाची की इंग्रजी? जागा कुठली? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कपाटं उघडी असतात की कुलूपबंद?

सावली_२३ (शुक्रवार, सकाळी ७:०५)
काका, 'क' वर्ग. वय ६ ते १४. नावं ३८ आलीत. माध्यम निम्मं निम्मं. पुस्तकं आहेत की भरपूर. उपक्रमांचं पण सांगा ना कोणीतरी.

निवृत्त_ग्रंथपाल
कपाटाचं उत्तर आलं नाही.

फुलपाखरू_पुणे
हाय! मागच्या वर्षी आम्ही सोसायटीत असंच केलं होतं, मस्त झालं. दुपारी ३ ते ५ ठेवा, तीच वेळ मुलांना घरात कंटाळवाणी जाते. एक दिवस लेखक भेट, एक दिवस ओरिगामी, एक दिवस 'पुस्तकाचं मुखपृष्ठ बनवा'. शेवटच्या दिवशी सगळ्यांना भिलारला न्या. पुस्तकांचं गाव आहे, घराघरात पुस्तकं. २०१७च्या मे महिन्यात सुरू झालं तेव्हापासून आम्ही तीनदा गेलोय. स्ट्रॉबेरीपण मिळते.

सावली_२३
अहो ताई, मी वर्धा जिल्ह्यात आहे. दुपारी तीनला इथं कावळासुद्धा घराबाहेर पडत नाही. भिलारला पोचेपर्यंत शिबिर संपून जाईल बाप्पा.

चष्मिष्ट
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला काय झालं होतं?

कूलरवाला
विदर्भात असाल तर सकाळी साडेसात ते साडेनऊ. त्यानंतर ऊन मी म्हणतं. आणखी एक, अनुभवाचं. हॉलमध्ये कूलर लावून गोष्ट सांगायला बसू नका. आमच्याकडे मागच्या दोन ओळींना काही म्हणजे काही ऐकू जात नव्हतं, आणि कूलर बंद केला की पोरं पंख्याखालच्या जागेसाठी मारामारी करायची. शेवटी अंगणातल्या कडुलिंबाखाली सतरंजी टाकली. निंबोळ्या डोक्यावर पडतात, पण ऐकू तर येतं.

एडिसनची_आई
आमच्या इथे न्यू जर्सीत लायब्ररीचा समर रीडिंग प्रोग्राम असतो. मुलांना एक तक्ता देतात. रोज वीस मिनिटं वाचलं की एक चौकोन रंगवायचा, दहा चौकोनांना छोटं बक्षीस. आईबाबांनी वाचून दाखवलेलंही धरतात, त्यामुळे लहान मुलं मागे पडत नाहीत. माझी धाकटी त्या तक्त्यासाठीच वाचायला लागली. आणि दंड लावू नका हो उशिराचा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२१ मध्ये बंदच करून टाकला.

गणिताचा_मास्तर
बक्षीस अजिबात नको. आमच्या शाळेत 'सुट्टीत जास्तीत जास्त पुस्तकं' स्पर्धा ठेवली होती. एका पठ्ठ्याने त्रेचाळीस पुस्तकं वाचली. तपासलं तर सगळी सोळा पानांची, त्यातली अर्धी चित्रं. पहिला नंबर त्याचाच आला. एक मुलगी महिनाभर एकच जाड कादंबरी घेऊन बसली होती, तिला उत्तेजनार्थसुद्धा नाही.

एडिसनची_आई
म्हणूनच पुस्तकं नाही, मिनिटं मोजतात. परत वाचा माझी पोस्ट.

गणिताचा_मास्तर
मिनिटं पालक भरतात. मीही पालक आहे, मला माहीत आहे ती कशी भरतात ते.

वाळवीमुक्त
कपाटांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, वाळवी लागली असेल तर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पाय तेलाच्या वाटीत ठेवा. सुकवलेला कडुलिंबाचा पाला पुस्तकांत ठेवला की कसर लागत नाही. आमच्या आजीचा उपाय.

चष्मिष्ट
कोणी विचारलं होतं का पण?

निवृत्त_ग्रंथपाल
सावलीताई, मी तिसऱ्यांदा विचारतोय.

सावली_२३ (शुक्रवार, रात्री १०:१५)
काका, रागावू नका. कपाटाला कुलूप आहे. किल्ली कोषाध्यक्षांकडे असते, ते लग्नाला अकोल्याला गेले होते, आज संध्याकाळी आले. पाच वर्षांत ते कपाट उघडलेलं मला आठवत नाही. उघडल्यावर डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की मी शिंकतच बसले. मोजली: ४१२ पुस्तकं. नव्वदेक थोर पुरुषांची चरित्रं, सात स्कॉलरशिपची जुनी गाईडं, आणि सगळ्यात खाली सुतळीने बांधलेला गठ्ठा, दुकानातून आला तसाच. आत ३१ चित्रांची पुस्तकं, कोरी करकरीत. दाखल नोंदवहीत चढवलेलीच नाहीत. माधुरी पुरंदरेंची पण आहेत त्यात! कोषाध्यक्ष म्हणतात, "मुलांच्या हातात दिली तर फाटतील, मग भरून कोण देणार?"

निवृत्त_ग्रंथपाल
हेच मला ऐकायचं होतं. एकतीस पुस्तकांना दाखल क्रमांक टाकायला आणि शिक्के मारायला तासभर लागतो, उद्याच्या उद्या करा. फाटलेली पुस्तकं समितीत ठराव करून बाद करता येतात, त्यासाठी कोणाचा पगार कापत नाहीत हे त्यांना सांगा. आता यादी. कपाटात नका ठेवू. टेबलावर, सतरंजीवर, मुखपृष्ठ वर करून मांडा, पाठीकडून दिसतील अशी उभी नकोत. सहा वर्षांच्या मुलाला पुस्तकाची पाठ वाचता येत नाही, चित्र दिसतं. चरित्रं वरच राहू द्या. लोककथांची असतील ती शोधा, ड्यूई पद्धतीने (विषयवार क्रमांकांनी) लावलं असेल तर ३९८.२. त्या सगळ्या वयांना चालतात आणि मोठ्याने वाचायला सगळ्यात सोप्या. ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांनी १९३१ मध्ये पहिलाच नियम सांगून ठेवलाय, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत.

चष्मिष्ट
काकांना +१. शिवाय दोन फुकट गोष्टी. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, ८ ते १४ वाल्यांना उत्तम. आणि स्टोरीविव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिली पातळी म्हणजे पानाला एखाद-दोन ओळी. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना तिथूनच सुरू करा, वय दहा असलं तरी. फक्त 'लहान मुलांचं पुस्तक' असं म्हणू नका त्यांच्यासमोर.

ठाणेकर_जुना
फास्टर फेणेची पीडीएफ आहे माझ्याकडे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चष्मिष्ट
ठाणेकर, भागवत २००१ मध्ये गेले. साठ वर्षांचं गणित वर मुंजाने मांडलंय, करून बघा. वाचनालयाला चोरीची पीडीएफ काय देता?

अभ्यासू_एमपीएससी
या वाचनालयात अभ्यासिका आहे का? असेल तर त्या मुलांचा विचार करा जरा. आमच्याकडे असं शिबिर झालं तेव्हा दहा दिवस वाया गेले.

सावली_२३
आहे. त्याच हॉलमध्ये, मध्ये फक्त पडदा आहे. 😬

कूलरवाला
हे पण आत्ता सांगताय?? कडुलिंब, कडुलिंब, कडुलिंब.

सावली_२३ (सोमवार, दुपारी १२:३०)
पहिला दिवस झाला. ३८ पैकी २१ आले. कडुलिंब नाही आमच्याकडे, पिंपळ आहे, त्याच्या पारावर बसलो. पुस्तकं सतरंजीवर मांडली तशी. पहिली दहा मिनिटं कोणी हातच लावेना, सगळे माझ्याकडे बघत. मग एकीने विचारलं, "घेऊ का?" त्यानंतर मीच मागे सरकले. दोघांत एका पुस्तकावरून ओढाताण झाली आणि पान फाटलं. पहिल्याच दिवशी! कोषाध्यक्ष तिथेच उभे होते. काही बोलले नाहीत, आत जाऊन चिकटपट्टी घेऊन आले. अभ्यासिकेतली दोन मुलं तक्रार घेऊन आली होती, त्यांना सांगितलं साडेनऊनंतर शांतता. एक गेला, एक पाणी प्यायला म्हणून थांबला तो उशिरापर्यंत.

तक्ता, बक्षीस सध्या काही नाही, मास्तर खूश व्हा. पुस्तकं घरी द्यायची की नाही ते बुधवारी समितीत ठरेल.

आता उद्यासाठी तातडीने: एका मुलाला वाघाचीच गोष्ट पाहिजे. मांजराची दाखवली तर पुस्तक परत ठेवून दिलं. सुचवा लवकर.

झाडावरचा_मुंजा
श्यामच्या आईत वाघ नाही, कबूल.

चष्मिष्ट
मुलगा किती वर्षांचा आहे?