ना बंदर, ना हद्द – मग लातुरातून कस्टम्सवर पीएचडी कशी करू?

उदगीरकर_संध्या

नमस्कार मंडळी. नांदेडच्या विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएचडीला नोंदणी झाली आहे. विषय: सीमापार व्यापारावरची देखरेख आणि कस्टम्स यंत्रणेचं आधुनिकीकरण. कुणी गळ्यात मारलेला नाही, हौसेनं मागून घेतलाय. पण पहिल्याच सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी विचारलं, "बाई, तुमच्याकडं ना समुद्र, ना परदेशाची हद्द. हे मोजणार कुठं बसून?" सगळे हसले, मीही हसले. उत्तर मात्र सुचलं नाही.

माझ्या डोक्यात तूर आहे. वडील दाळ मिलवर मुनीम आहेत. आफ्रिकेची तूर कधी लागणार आणि भाव किती पाडणार, पोळ्यापासून दिवाळीपर्यंत घरात दुसरा विषय नसतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या व्यापाराच्या आकड्यांच्या साठ्यावरून मोझांबिकनं भारताला विकलेली तूर आणि भारतानं मोझांबिककडून घेतलेली तूर, दोन्ही आकडे उतरवून शेजारी ठेवले. जुळत नाहीत. फिसमन आणि वेई यांचा २००४ चा लेख वाचलाय. हाँगकाँगनं चीनला पाठवलेला माल आणि चीननं नोंदवलेली आयात यांची त्यांनी तुलना केली. कर १ टक्का-बिंदूनं वाढला की 'हरवलेली' आयात सुमारे ३ टक्क्यांनी वाढते, असं निघालं. मी तुरीवर हेच करू शकते का? फरक म्हणजे चोरी, असं धरायचं का?

शिवाय २०१२ च्या आधीची तूर कॉमट्रेडवर सापडतच नाही. फेसलेसमुळं, म्हणजे आयातीचे कागद दूरच्या शहरातल्या अधिकाऱ्यानं तपासायच्या पद्धतीमुळं, खरंच काही बदललं का, हेही कळत नाही. आणि कंपनीवार आयातीची माहिती विकणारे रोज फोन करायलेत. घेऊ का?

जालना_रोलिंग

सरांना म्हणावं एकदा जालन्याला या, भट्टी दाखवतो. सळई इथली, भंगार मात्र कुठकुठल्या देशाचं. २००४ ला गाझियाबादकडं परदेशी भंगारातून आलेला तोफगोळा कारखान्यात फुटला, माणसं गेली. तेव्हापासून न कापलेल्या भंगाराला जहाजात चढायच्या आधीच तपासणीचा दाखला लागू झाला. बंदरावर कंटेनर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या कमानीखालून जातो ते वेगळंच. आणि गंमत बघा, २०१० ला दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगारात किरणोत्सर्गी कोबाल्ट निघाला तर लोक आयातीच्या नावानं ओरडले. निघाला दिल्ली विद्यापीठानं लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातून. हद्दीवर कितीही कमानी उभारा, घरातलं भंगार त्यातून जातच नाही. तूर सोडा, ७२०४ घ्या, लोखंडी भंगाराचा कोड.

जीकार्ड_औसा

जालनेकरांनी भंगार पुढं ढकललंच. असो.

संध्याबाई, आधी सरांचं उत्तर घ्या. हद्द नव्हती असं मराठवाड्यात कुणी म्हणावं? निजामाचं स्वतःचं कस्टम होतं, करोडगिरी. १८०२ च्या इंग्रजांबरोबरच्या व्यापारी तहात ५ टक्के जकात ठरली होती. आमच्या आजोबांच्या पिढीला सोलापुरातून कापड आणायचं म्हणजे नाक्यावर गाठोडं सोडून दाखवणं आलं. मुक्तिसंग्रामात लोकांनी करोडगिरीचे नाके जाळले ते उगाच नाही. पहिलं प्रकरण त्यावर लिहा, सर गप्प बसतील.

मी औशाचा. नोकरीभर न्हावाशेवाला क्लिअरिंग एजंटाकडं होतो, जी कार्डावर. एजंटाच्या वतीनं कस्टमपुढं सही करायची आणि उभं राहायचं, तो मी. कडधान्याच्या फायली माझ्याकडं असायच्या, म्हणून तुरीवर बोलायचा हक्क आहे.

फरक म्हणजे चोरी, हे आधी डोक्यातून काढा. तिकडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपल्या वाणिज्य मंत्रालयाचं एप्रिल ते मार्च. आफ्रिकेची तूर जुलैपासून निघते आणि आपली नवी तूर बाजारात यायच्या आत इथं पोचायची तिची घाई असते. डिसेंबरात तिथं जहाजात चढलेला माल इथं जानेवारीत उतरतो, म्हणजे त्यांच्या एका वर्षात आणि आपल्या भलत्याच महिन्यात. सगळं महिनेवार घ्या आणि प्रवासाचे आठवडे सरकवून लावा. मग किंमत. ते नोंदवतात बंदरापर्यंतची, आपण नोंदवतो भाडं आणि विमा धरून. आपला आकडा फुगलेला दिसणारच. म्हणून रुपये-डॉलर बाजूला ठेवा, टन धरा.

तिसरी गोष्ट पुस्तकात सापडत नाही. सौदा दुबई नाहीतर सिंगापूरच्या व्यापाऱ्याच्या नावानं होतो. मोझांबिकच्या कागदावर कधी कधी गिऱ्हाइकाचाच देश चढतो. आपल्याकडं मात्र माल पिकला कुठं, तो देश लागतो. पोतं तेच, नोंदी दोन देशांच्या. आणि मलावी विसरू नका. त्याला समुद्र नाही (तुमच्या सरांना हेही सांगा). त्याचा माल मोझांबिकच्या नाकाला आणि बैरा या बंदरांतून निघतो, आणि हद्दीवरच्या खेड्यांतून किती पोती सायकलवर पलीकडं जातात ते कुठल्याच बिलावर येत नाही. त्या भागात जागतिक अन्न कार्यक्रम आणि दुष्काळाचा आगाऊ इशारा देणारं फ्यूजनेट यांनी २००४ पासून हद्दीवर माणसं बसवून अशी अनौपचारिक देवघेव मोजायला घेतली, मका, तांदूळ, घेवड्यासारखं धान्य. युगांडाचं सांख्यिकी खातं तर त्याची वेगळी पाहणीच करतं. देखरेख म्हटलं की लोकांना स्कॅनर आठवतो. वही-पेन्सिल घेऊन पायवाटेवर बसलेला माणूस हीसुद्धा देखरेखच, आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक.

२०१२ चं कोडं सोपं आहे. तोवर मालाच्या वर्गवारीच्या जागतिक सहा अंकी कोडात तुरीला वेगळी जागा नव्हती, 'इतर'मध्ये जायची. २०१२ ला ०७१३६० आलं. आपल्या आठ अंकी कोडात ती आधीपासून वेगळी होती, त्यामुळं भारताची बाजू मागं नेता येईल, समोरच्याची नाही.

आता आधुनिकीकरण. कागद गेला, हे खरंच. आइसेस ही संगणक यंत्रणा १९९५ ला दिल्लीत सुरू झाली, २००५ ला कुणाचा माल उघडायचा हे ठरवणारी जोखीम यंत्रणा आली, २०१६ ला एक खिडकी, मग कागदपत्रं ऑनलाइन जोडायचं ई-संचित, २०२० ला फेसलेस. पूर्वी फाइल बगलेत मारून या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचो. शेवटी शेवटी बिल (म्हणजे कस्टमला भरायचा आयातीचा अर्ज) न्हावाशेवाचं आणि क्वेरी भलत्याच शहरातल्या साहेबाची. तोंडच दिसत नाही तर ओळख कुठून काढणार.

पण कडधान्याचा कंटेनर असा नुसत्या बटणावर सुटत नाही. वनस्पती संगरोधवाले येतात. दार उघडलं की धुरीचा वास नाकात बसतो. पोत्यात पोकळ सळई खुपसून नमुना काढतात, पांढऱ्या कागदावर दाणे पसरतात आणि सगळे वाकून बघतात, भुंगा हलतोय का. मेलेला असला तर धुरी लागली. हलला तर पुन्हा धुरी, पुन्हा दिवस, कंटेनरचं भाडं चालूच. धुरीच्या दाखल्यावर मिथाइल ब्रोमाइडची मात्रा, तापमान, तास सगळं लिहिलेलं लागतं. एक रकाना कोरा असला की संगणक कितीही वेगवान असो, गाडी तिथंच. त्यानंतर अन्नसुरक्षावाल्यांची मंजुरी. यातलं किती कस्टमच्या माथी मारायचं?

वेळ मोजायला सरकारचा टाइम रिलीज स्टडी आहे, जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीनं केलेला. वाचा, चांगला आहे. बिल आगाऊ भरलं, जोखीम यंत्रणेनं तपासणीशिवाय सोडलं आणि आयातदार विश्वासू यादीतला असला की माल लवकर सुटतो, हे त्यात स्वच्छ दिसतं. माल सुटायला तयार असताना आयातदारच पैसे भरायला रेंगाळतो, हेही दिसतं. पण नमुना घेतात जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचा. आफ्रिकेच्या तुरीची गर्दी तोवर ओसरलेली असते. ऑक्टोबरात यार्डात उभं राहून बघितलेला माणूस तो सरासरी आकडा बघून हसेल. तुमच्या प्रबंधाला जागा इथं आहे. मुनीमजींच्या वहीत गाडी मिलवर लागल्याची तारीख असते ना? बंदरातून सुटल्यावर लातूर-उदगीरला पोचेपर्यंतचे दिवस त्या सरकारी अभ्यासात धरलेलेच नाहीत.

फेसलेसबद्दल विचारलंत. मादागास्करवरचा लेख मिळवा, २०२३ ला क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आला. कुठल्या अधिकाऱ्याकडं कुठलं बिल जाईल हे यंत्रणेनं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, असा तिथं नियम. संशोधकांनी त्या वाटपातच गडबड शोधली. ठराविक एजंटांची बिलं ठराविक अधिकाऱ्यांकडंच जात, लवकर सुटत आणि क्वचितच पकडली जात. वाटपाचं काम बाहेरच्याकडं दिलं तर ती वाट बंद झाली, आणि मंडळींनी दुसरी काढली. बुडालेला महसूल एकूण कराच्या साधारण ३ टक्के. माझं एवढंच म्हणणं आहे, की यंत्रणा नवी आली म्हणजे 'कोण ठरवतो' हा प्रश्न संपत नाही, तो दुसऱ्या खोलीत जातो. आपल्याकडं मूल्यांकन दूर गेलं, पण माल उघडून बघणारा माणूस बंदरावरच आहे. तो प्रश्न कोणत्या खोलीत गेला ते शोधा.

आणि ते फोनवाले. अजिबात घेऊ नका. २०२२ ला सीमाशुल्क कायद्यात १३५एए कलम आलं. कुणी काय आणलं, किती, कितीला, हे कायद्यानं आवश्यक नसताना छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रबंध छापायचा असतो, हे लक्षात ठेवा.

वाळूज_निर्यात

काकांचं बरंचसं पटलं, पण सूर फारच निराश वाटला. निर्यातीकडून बघा. आमचा सुट्या भागांचा कारखाना. पूर्वी कंटेनर भरला की सील लावायला निरीक्षक यायची वाट बघायची. गाडी दारात, ड्रायव्हर टपरीवर, साहेब दुसऱ्या कारखान्यात. २०१७ च्या शेवटी आरएफआयडीचं, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारं ई-सील आलं; आता आमचाच माणूस सील मारतो आणि नंबर टाकतो. बंदरावर वाचून घेतात. माळीवाड्याच्या डेपोतून रेल्वेनं पाठवा नाहीतर थेट रस्त्यानं, संध्याकाळी भरलेली गाडी संध्याकाळीच निघते. हे कुठल्या खोलीत सरकलं नाही, गेलंच.

जीकार्ड_औसा

गेलं, मान्य. निर्यातीला सरकार लाडानं वागवतं; तिथून कर मिळवायचा नसतो, माल बाहेर जायला हवा असतो. आयातीचा न्याय वेगळा. तुम्ही दोघं एकाच दाराच्या दोन बाजूंनी बोलायलात.

उदगीरकर_संध्या

काका, खूप आभार. करोडगिरीचं तर सुचलंच नव्हतं. पण मग तूर सोडू का? चोरीचा भाग मोजायचाच असेल तर सोयाबीन तेल घेऊ का? आपल्याकडं सगळं सोयाबीनच आहे, आणि सप्टेंबर २०२४ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं, पुढं मे २०२५ ला १० वर आलं. कर बदलला की फरक बदलतो का, हे बघायला सोपं जाईल ना?

जीकार्ड_औसा

दिसतं सोपं. पण कच्च्या सोयातेलाची शुल्कासाठीची किंमत सरकार दर पंधरवड्याला स्वतःच जाहीर करतं, टॅरिफ व्हॅल्यू म्हणतात. बिलावर तुम्ही काहीही लिहा, शुल्क त्या जाहीर किमतीवर. म्हणजे किंमत कमी दाखवून काही हाती लागत नाही. पामतेल, सोनं, चांदी, सुपारी यांचंही तेच. फार तर वजन किंवा वर्गवारीत खेळता येईल, आणि टँकरच्या जहाजात तेही अवघड.

तूर सोडू नका, पण कामं वेगळी करा. वेळ, तपासणी, हद्दीवरची न नोंदलेली देवघेव, हे तुरीवर. तिच्यावर शुल्कचोरी शोधायला जाऊ नका. मोझांबिक, मलावी, टांझानिया अतिगरीब देशांच्या यादीत असल्यामुळं त्यांच्या मालाला आधीपासून सवलत होती, आणि मार्च २०२३ ला अख्ख्या तुरीवरचं १० टक्के शुल्कच गेलं. कर नाही तिथं लपवायचं कशाला? तुरीत खरी लपवालपवी झालीच असेल तर 'पिकली कुठं' याची, आणि 'कोट्यात बसली का' याची. ऑगस्ट २०१७ ला वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली, मे २०२१ ला आयात खुली केली. पिकल्या देशाच्या दाखल्यावर कडक नजर सप्टेंबर २०२० च्या कारोटार नियमांनी आणली. या तीन तारखा भिंतीवर लावून ठेवा.

फिसमनवाली रीत मसुराला लावा. डिसेंबर २०१७ ला ३० टक्के शुल्क बसलं, २०२० पासून कमी-जास्त होत पुढं शून्यावर गेलं. त्यावर जाहीर किमतीची भानगड नाही, आणि ०७१३४० हा कोड जुना. समोरची बाजू कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया. दोघांची आकडेवारी महिनेवार आणि स्वच्छ मिळते, मोझांबिकसारखी ओढाताण नाही. भारताबद्दल आधीचं काम हवं तर मिश्रा, सुब्रमण्यम आणि टोपालोवा यांचा २००८ चा लेख बघा, नव्वदच्या दशकातल्या शुल्ककपातीवर आहे. जे चीनमध्ये दिसलं ते इथंही दिसलं.

कॅनडाचे टन आधी उतरवा, डिसेंबर २०१७ च्या मागचे बारा महिने आणि पुढचे बारा. फक्त एक ध्यानात असू द्या, शुल्क लागणार अशी कुणकुण लागली की व्यापारी आधीच माल ओढून ठेवतात. त्यामुळं नोव्हेंबरचा आकडा भलता दिसला तर त्याला चोरी म्हणू नका. तक्ता तयार झाला की इथंच टाका, मी बघतो.