मदत हवी आहे: ‘योक्ड बाय व्हायलन्स’ म्हणजे नक्की काय?

एमएची_घाई: परवा इंग्रजीचा पेपर आणि दोन दिवस या वाक्यावर अडकलेय: ‘द मोस्ट हेटेरोजीनियस आयडियाज आर योक्ड बाय व्हायलन्स टुगेदर.’ अहो, कविता प्रेमाची आहे, मारामारी कुठंय? गाइडात ‘हिंसेने बांधलेल्या कल्पना’ एवढंच. प्लीज पटकन!

सिडकोकर: वाक्य कोणाचं? कविता कुठली? काही न सांगता पटकन कसं सांगणार?

मिसळप्रेमी: योक म्हणजे अंड्याचा बलक ना?

एमएची_घाई: बलक नाही हो! सॅम्युएल जॉन्सनचं वाक्य आहे, अठराव्या शतकातला इंग्रज समीक्षक; डनसारख्या जुन्या कवींबद्दल म्हणालाय. कविता डनची, कंपासवाली.

निफाडकर_काका: योक म्हणजे जू. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला रेडा जुंपून बघ. उन्हं चढली की रेडा डबक्याकडे ओढणार, बैल बिचारा नांगराच्या तासात. तशा विजोड कल्पना एका जुवाला. व्हायलन्स म्हणजे इथं बळजबरी. आता गावात ट्रॅक्टरच, जू कोणाला दाखवू!

वाचनवेडी: काका, अगदी! डन म्हणतो, दोघांचे जीव कंपासच्या पायांसारखे: एक रोवलेला, दुसरा फिरतो तसा पहिला त्याच्याकडे झुकतो. कुठं विरह, कुठं भूमितीची पेटी!

एमएची_घाई: मग हे कौतुक ना? मी तसंच लिहिणार होते.

सिडकोकर: अजिबात नाही. वाक्याचा शेवट वाच. वाचकाला हे ज्ञान महागात पडतं, कधी दाद देतो पण क्वचितच सुखावतो. चक्क झोडपलंय.

वाचनवेडी: अर्धंच सांगताय. हे वाक्य जॉन्सनच्या १७७९ च्या काऊली-चरित्रातलं; काऊली हा डनच्याच पठडीतला कवी. त्यातच जॉन्सन पुढे म्हणतो, कल्पना लांबून आणल्या तरी बऱ्याचदा गाडीभाडं वसूल व्हायचं.

सिडकोकर: ती सांत्वनाची ओळ. आणि कवी-समीक्षक टी. एस. एलियटने १९२१ मध्ये जॉन्सनलाच धरलं: दोष जुंपण्यात नाही, जुंपूनही एकजीव न होण्यात आहे. विजोड सामग्री सगळ्याच कवितेत असते म्हणाला, आणि उदाहरणात जॉन्सनच्याच ओळी दिल्या!

वाचनवेडी: एलियट आला की तुमचं वाचन संपतं.

पंचवटी_एक्सप्रेस: कॉलेज रोडला सेंटर असेल तर अर्धा तास आधी निघ. पार्किंग मिळत नाही.

एमएची_घाई: सेंटर नाशिकरोडला आहे. काका, बैल-रेडा पेपरात लिहू का?

निफाडकर_काका: लिही की. खाली कंपास मात्र लिही, नाहीतर मास्तर म्हणतील शेतकीचा पेपर.

मिसळप्रेमी: पण मग बलकाचं स्पेलिंग काय?